उभं विमान पडतं तेव्हा

"उडतं विमान पडताना दिसतं तरी, उभं विमान पडतं ते पडल्यावरच कळतं," असं तुळसा एकदा म्हणाली होती. तेव्हा ती भाकरी थापत होती. थापणं काही थांबलं नाही.

मलंगगडाच्या वाटेवरच्या माळाला लागून तिच्या बापाची, काळुरामची, भातजमीन होती. लढाईच्या दिवसांत ती धावपट्टीसाठी सरकारने घेतली. लढाई संपली की परत, असं सांगितलं होतं. लढाई संपली, गोरे गेले, पण जमीन काही आली नाही. तिच्यावर सहा विमानं तशीच उभी राहिली. चार-चार इंजिनांची, बाँब वाहणारी धुडं, आणि उडवणारं कुणी नाही.

नऊ वर्षांची तुळसा शेळ्या घेऊन त्यांच्याखाली जायची. चाकं तिच्या डोक्याहून उंच. दुपारी पत्र्याला हात लावला की कातडी सोलल्यासारखी व्हायची. नाकाजवळ बाँबची इवली चित्रं रांगेने रंगवली होती. तिला ते वाळत घातलेले बोंबील वाटत. बंदुकीच्या नळीत गांधीलमाश्यांनी घर केलं होतं. एकदा ती आत चढली. शेपटीकडे पत्र्याला भोकं पडली होती आणि खाली काळपट डाग वाळला होता. "तेल हाय गं ते," तिचा काका गोविंदा म्हणाला. तुळसाने वाकून वास घेतला होता. ते तेल नव्हतं.

तिसऱ्या विमानाच्या पोटाखाली त्यांचा बापदेव होता. पूर्वजाच्या नावाने बांधावर रोवलेला, शेंदूर फासलेला धोंडा. भात झोडून झालं की त्याला कोंबडं द्यायचं, ही पिढ्यांची रीत. लढाई लागल्यापासून त्याला रक्त मिळालं नव्हतं आणि घरात जे जे वाईट घडलं ते काळुराम त्याच खात्यावर टाकत होता.

अठ्ठेचाळीस सालच्या थंडीत ठेकेदाराची टोळी विमानं फोडायला आली. मुकादम परशुराम विठ्ठलवाडीचा. गावातल्या माणसांनाही त्याने कामाला घेतलं. काळुरामने त्याला एकच विचारलं, "ही गेली की जमीन कोनाची?"

"ज्याची होती त्याची. अजून कोणाची?" परशुराम म्हणाला. त्यालाही ठाऊक नव्हतं. पण काळुरामने ते धरून ठेवलं.

मग काळुराम तुटून पडला. इतर लोक पत्रा कापत, तो विमानाला मारत असे. घण उचलायचा तो खांद्यातून नाही, कमरेतून. पत्रे जोडणारी रिबिटं सुटून गोळीसारखी उडायची. एकाने त्याचा कान फाडला, तरी त्याने घण खाली ठेवला नाही. काचेचं नाक त्याने पहिल्या घावात फोडलं आणि तो हसला. भाकरी घेऊन आलेली तुळसा लांबच उभी राहिली. बापाला हसताना तिने फारसं पाहिलं नव्हतं.

विमान पाडायची पद्धत सोपी होती. चाकावरचा पाय करवतीने अर्धा कापायचा, दोरखंड बांधायचा, वीस जणांनी ओढायचा. तिसऱ्या विमानाला पाय कापून झाला, दोर बांधला, तेव्हा काळुराम आडवा आला. आधी देव काढायचा, मग विमान.

"तुझा देव तिथंच राहू दे की! एवढा पत्रा अंगावर घेईल तो," परशुराम म्हणाला. टोळी हसली.

"तू घे आधी अंगावर," काळुराम म्हणाला. हसू थांबलं.

शेवटी ठरलं. काळुराम आणि गोविंदा पोटाखाली शिरून धोंडा उकरतील. दोरावरच्या माणसांना तिकडून पोटाखालचं दिसत नव्हतं, म्हणून तुळसाने पंखाच्या टोकाशी उभं राहायचं. दोघं बाहेर आले की हात वर करायचा. तिच्या काखेत देवाला द्यायचं कोंबडं होतं.

धोंडा हलेना. काळुराम पहार आणायला बाहेर आला. त्याच वेळी पत्रा कुठेतरी करकरला, कोंबडं दचकलं, काखेतून निसटून वर उडालं. तुळसाने ते धरायला हात वर केला.

दोर ताठ झाला.

तिने पाहिलं ते एवढंच: पोट खाली आलं, आणि गोविंदाच्या तोंडातून अर्धी हाक निघाली. मग धूळ. मग पत्र्याखालून बाहेर राहिलेला एक हात, माती मुठीत धरलेला. त्या वर्षी देवाला कोंबडं लागलंच नाही.

काळुराम पहार घेऊन विमानावरून चढून पलीकडे उतरला. परशुराम म्हणत होता, "पोरीने हात..." पहार त्याच्या तोंडावर बसली. दुसरी खांद्यावर. तो पालथा पडल्यावर कमरेवर तीन. हाड मोडल्याचा आवाज पत्रा फाटल्यासारखा नसतो. ओल्या लाकडासारखा असतो. तुळसाला तो फरक कायमचा कळला.

ठाण्याच्या कोर्टात परशुरामला खाटेवर घालून आणलं. तो म्हणाला, मला इशारा मिळाला होता. साहेबांनी तुळसाला विचारलं, "तू हात वर केला होतास?" मागून तिच्या आईने, जयाने, दंडाला चिमटा घेतला.

"नाय," तुळसा म्हणाली.

काळुरामला सात वर्षांची सजा झाली. माळाला सरकारने काटेरी तार ओढली, जमीन काही परत आली नाही. जया तापाने गेली. गोविंदाची बायको कमळाबाई हिने तुळसाला वाढवलं, लग्न करून खडवलीला दिलं. आपल्या नवऱ्याला परशुरामने मुद्दाम मारलं यावर तिचा देवाइतका विश्वास होता, आणि तुळसा तिच्याच ताटात जेवत होती.

छप्पन्नच्या सुरुवातीला काळुराम सुटून आला. बापाला बघायला तुळसा आली, तर तो ओट्यावर कोयत्याला धार लावत बसला होता.

"परशुराम विठ्ठलवाडीला ठेशनाबाहेर विड्या विकतो म्हनं," तो म्हणाला. "बसून. कंबर मोडली मी. मान राहिलीय."

"दादा, जेवून तरी जा," कमळाबाई म्हणाली. जाऊ नको, असं नाही म्हणाली.

तो उठला तेव्हा तुळसा दारात उभी राहिली.

"बाबा, त्यो खोटं नव्हता बोलत."

"कोन?"

"मुकादम. हात मी वर केलेला. कोंबडं सुटलेलं म्हनून. काका आत हाय, ते त्या घडीला डोक्यातच नव्हतं."

सात वर्षं खडी फोडताना ज्या माणसाचं तोंड काळुरामने प्रत्येक दगडावर पाहिलं होतं, ते तोंड आता कुठेच बसेना. कोयता हातातून गळला. मग मोकळ्या हाताने त्याने तिला मारलं. ती भिंतीवर आपटली. केस धरून उठवली, पुन्हा मारलं. तिने हात आडवा केला नाही. ओठ फाटला, दात हलला, पोलक्यावर रक्त आलं.

"आनखी मार, दादा," कमळाबाई चुलीजवळून म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "का थांबलास?"

काळुराम मटकन खाली बसला. त्याला दम लागला होता. "मंग मी त्याला कनाला मोडला?" तो म्हणाला. कुणाला विचारत होता कोण जाणे. "सांग ना. मंग कनाला? कशापायी?" पण बोलता बोलता त्याचा हात जमिनीवरून कोयत्याकडे सरकत होता. विठ्ठलवाडीला जायला निघालेलं अंग अजून थांबलं नव्हतं.

तुळसाने त्याच्या आधी कोयता उचलला. पदरात गुंडाळला. कमळाबाईकडे एकदा पाहिलं. तिने तोंड फिरवलं. मग तुळसा उंबरा ओलांडून बाहेर पडली.