लगाम खिळ्यावर

कुवेतला येण्याआधी मी कॉलेजात पत्रकं लिहायचो. वर घोषणा, मध्ये मागण्या, खाली एकजुटीचा विजय असो. अब्बासियातल्या फ्लॅटवर आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात सोबत्यांनी बजावलं, इथे पत्रक वाटलंस तर इकामा जाईल, म्हणजे राहण्याचा परवाना, आणि त्याच्यामागोमाग तू. वाटणं थांबलं. लिहिणं कसं थांबणार?

लिहायला कारणही होतं. कंपनीची बस आम्हाला पहाटे शुऐब्याच्या कारखान्यात सोडायची आणि संध्याकाळी परत आणायची. मधला सगळा दिवस ड्रायव्हरभाई बसमध्येच. रायगडच्या किनाऱ्यावरचा, पन्नाशी ओलांडलेला, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारा माणूस. तो ठेकेदाराचा माणूस, कंपनीचा नव्हे, म्हणून कँटीनमध्ये त्याला मज्जाव. इंजिन चालू ठेवायचं नाही, डिझेल जळतं. ऐन उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम करायला इथे बंदी असते. पण बसमध्ये भाजत बसणं हे काम धरतच नाहीत! मेमध्येच एका संध्याकाळी आम्ही बसपाशी आलो तर भाईचं डोकं स्टिअरिंगवर टेकलेलं. पाणी मारल्यावर उठला आणि म्हणाला, "चला, बसा, उशीर होतोय." जून अजून यायचा होता.

त्या शुक्रवारी मी मजकूर लिहून काढला आणि चाचांना वाचून दाखवला. चाचा रत्नागिरीकडचे, अब्बासियात त्यांची लहानशी खानावळ. मथळा दणदणीत होता: ड्रायव्हर माणूस आहे, जनावर नाही!

भाकरी थापता थापता चाचा हसायला लागले. "पुढारी, जनावर पाळलंस कधी?"

"नाही."

"मग त्याची बदनामी कशाला करतोस?"

मग कळलं की चाचांच्या आजोबांचा घाटाच्या पायथ्याशी टांग्यांचा मुक्काम होता. पुढे उतारूंच्या खोल्या, मागे तबेला. मी मजकूर बाजूला ठेवला. असली जागा मी फक्त जुन्या फोटोत पाहिली होती.

"घोडा आला की आधी काय, पाणी?"

"खुळा की काय? तापल्या घोड्याला पाणी पाजतात? आधी फिरवायचा, घाम सुकवायचा. मग पाणी, मग चंदी. भिजवलेले हरभरे."

"आणि तोवर उतारू?"

"शिव्या द्यायचे. पुढल्या गावी लग्न आहे, कचेरीत तारीख आहे, सगळ्यांना घाई. आजोबा लगाम काढून आपल्या गादीमागच्या खिळ्याला अडकवायचे. घोड्याची चंदी झाल्याशिवाय लगाम खाली यायचा नाही आणि उतारूला पानही वाढायचं नाही."

"पान का अडवायचं?"

"पोट भरलं की माणूस निघायला बघतो. भुकेला असला की स्वतःच तबेल्यात जाऊन बघतो, घोड्याचं झालं की नाही."

मी अजून विचारत राहिलो. लीद कोण काढायचं, नाल कोण ठोकायचं, आणि आत सगळ्यांना घ्यायचे का? शेवटच्या प्रश्नाला चाचांनी भाकरी उलटली. "घोड्यांना हौद एकच होता. माणसांना चुली दोन, माठ तीन, आणि काहींना ओटीच्या खालीच बसायचं."

"आजोबांना चालायचं हे?"

"धंदा होता. चालवून घ्यायचे."

मला संताप आला. चाचांनी भाकरी पुढे सरकवली. "माझ्या आजोबांवर उद्या लिही. आता खा."

रविवारी, आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मी बसमध्ये ही खिळ्याची गोष्ट सांगितली. मराठवाड्यातला एक फिटर म्हणाला, "म्हंजी आपण उपाशी बसायचं?"

"तबेल्यात जाऊन बसायचं."

भाईने आरशातून पाहिलं. "माझी नोकरी घालवाल. मला यात ओढू नका."

"भाई, तुम्ही रोजच्यासारखे बसा. सुट्टी आमची, आम्ही कुठेही बसू."

दुपारच्या सुट्टीत आम्ही कँटीनला न जाता बसमध्ये येऊन बसलो. सीट हाताला चटका देत होती. खिडक्या उघडल्या तर आत वाफ, लावल्या तर भट्टी. कोणी घोषणा दिली नाही; तोंड उघडायची ताकद नव्हती. कँटीन ओकंबोकं पाहून मुदीर, आमचा साइटवरचा साहेब, शोधत आला. मी भाषण तयार ठेवलं होतं. फिटरने माझा गुडघा दाबला. "गप रे."

मुदीर आत चढला, काय झालं म्हणून विचारायला पहिल्याच सीटवर बसला आणि लगेच उठला. रुमाल काढून त्याने मान पुसली.

"तू रोज इथेच बसतोस?" त्याने भाईला हिंदीत विचारलं.

भाईने मान डोलावली. मुदीर खाली उतरला, कँटीनच्या दारावरच्या पहारेकऱ्याला अरबीत काहीतरी म्हणाला आणि भाईला हाताने बोलावलं. भाई आधी, त्याच्यामागे आम्ही.

पुढच्या शुक्रवारी चाचांना सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. ते खूश. सुरमईचं कालवण माझ्या ताटात जरा जास्तच पडलं. जेवता जेवता सहज विचारलं, "चाचा, तुमच्या आजोबांकडे टांगेवाला कुठे झोपायचा?"

वाढायचा डाव तसाच हातात राहिला. "टांगेवाला?" ते आठवायला लागले. "खोल्या उतारूंच्या, तबेला घोड्यांचा... टांग्यातच झोपायचा बहुतेक. अरे, हे मी कधी कोणाला विचारलंच नाही."

रविवारी कँटीनमध्ये गेलो तर भाई मागच्या बाकावर आडवा झाला होता, चपला खाली जोडून ठेवलेल्या, तोंडावर रुमाल. परवानगी तोंडीच होती, कधीही जाईल. लेखी मागायचं मी मनात घोळवत होतो. मला उभा पाहून त्याने रुमाल बाजूला केला.

"बाक अरुंद आहे, पुढारी," तो म्हणाला. "कूस बदलता येत नाही. लिहायचंच आहे तर ह्याच्यावर लिही."