दामण सोड

माझे वडील गलबतावर खलाशी होते, हे मी चारचौघांत कधी सांगितलं नाही. कोणी विचारलंच तर "मिलमध्ये होते" म्हणून विषय संपवायचो. पण मिलच्या आधी सात-आठ वर्षं ते मालवणहून मुंबईला कौलं आणि नारळ आणणाऱ्या शिडाच्या गलबतावर होते. दिंडोशीच्या आमच्या दोन खोल्यांत मिलची आठवण क्वचित निघायची. निघायचं ते गलबतच.

"डोलकाठी म्हणजे उभी. तिच्यावर आडवी चढवतात ती परबाण. परबाणीला शीड," असं म्हणत ते ताटातल्या आमटीत बोटाने गलबत काढून दाखवायचे. मी म्हणायचो, "बाबा, हायवेवरून शीड लावून जायचंय का आता? जेवा ना गुपचूप." आई हसायची. तेही हसायचे. तेव्हा एकदा तरी ते माझ्यावर चिडायला हवे होते, असं आता वाटतं.

रिटायर झाल्यावर त्यांनी मला सरळच सांगितलं, "एक वही आण. मी सांगतो, तू लिही. कुठली दोरी कशाची, कधी ओढायची, कधी सोडायची. माझ्यामागे कोणाला कळणार नाही रे."

"रविवारी बसू," मी म्हणालो. रविवार काय, ढीगभर आले नि गेले. मी साधी वहीसुद्धा आणली नाही. वेळ नव्हता असं सगळ्यांना सांगतो, पण ते झूठ आहे. मला लाज वाटायची. अंधेरीच्या ऑफिसात टाय लावून बसणाऱ्या माणसाला खलाशाच्या दोऱ्या कशाला हव्यात, असा माज होता.

गेल्या वर्षी त्यांना पॅरॅलिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही जवळजवळ गेली. डॉक्टर म्हणाले, रोजचे शब्द पुसले जातात, कधी कधी फार जुने तेवढे राहतात. तसंच झालं. त्यांना 'पाणी' म्हणता येईना, माझं नाव येईना. पण मध्येच एकदम स्वच्छ म्हणायचे, "परबाण." नाहीतर, "सुकाणू." भेटायला येणाऱ्यांना मी हसून सांगायचो, बाबा मालवणला पोचले.

डावा हात मात्र चालत होता, आणि त्या हाताने ते नाकातली नळी ओढायचे. दोनदा ओढून काढली. तिसऱ्यांदा सिस्टर वैतागली. बँडेजची पट्टी माझ्या हातात देऊन म्हणाली, "दादा, हात कॉटला तुम्हीच बांधा. काका मला हात लावू देत नाहीत."

मी बांधला. घट्ट, दुहेरी गाठ मारून. बाबांनी हात झटकला नाही की काही नाही. आधी गाठीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दामण," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "दामण सोड."

दामण म्हणजे शिडाची कसलीशी दोरी, एवढंच मला आठवत होतं. मी त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. "हो बाबा, सोडली. वारा झकास आहे. झोपा आता." सिस्टर हसली. आपण किती समजुतीने घेतलं, म्हणून मला माझंच कौतुक वाटलं.

तीन दिवस त्यांचं तेच चाललं होतं. पहिल्या दिवशी मोठ्याने, मग हळूहळू, मग नुसते ओठ हलायचे. चौथ्या दिवशी सकाळी ते गेले.

आईचे गुडघे धरलेले, त्यामुळे ती हॉस्पिटलात आलीच नव्हती. शेवटी काय म्हणाले, असं तिने मला विचारलं. मी म्हणालो, "गलबताचंच काहीतरी बरळत होते गं. शांतपणे गेले."

तेराव्याला जोगेश्वरीहून एक म्हातारा आला, बाबांबरोबर त्याच गलबतावर असलेला. मी त्याला पान वाढून आईच्या शेजारी बसवलं. त्याला बरं वाटावं म्हणून सांगितलं, "शेवटपर्यंत गलबतावरच होते बघा. दामण सोड, दामण सोड, हेच चाललं होतं."

म्हाताऱ्याने हातातला वडा पानात ठेवला. "कोणाक सांगी होतो?"

"मला."

"मगे तू काय सोडलंस?"

मी त्याच्या पेल्यात पाणी ओतलं.

"दामण म्हणजे शिडाच्या खालच्या कोनाची दोरी," तो म्हणाला. "वारो वाढलो की ती आधी सोडूक व्हयी, नायतर गलबत कलंडता. म्हणान तेका पक्की गाठ कोण मारी नाय. एक हिसको दिलो की सुटाक व्हयी. कोणी नवीन पोरान पक्की गाठ मारली तर तांडेल, गलबताचो म्होरक्यो, तेच्या थोबाडीत दी. आणि दामण सोड म्हटला की इचारूचा नाय रे, सोडूची."

मी खाली मान घातली. त्याच्या पानातलं सगळं तसंच होतं.

"तेंच्या डाव्या मनगटावर वळ होतो," आई म्हणाली. "घरी आणल्यावर मी बघितलंय. तू सलाईनचो म्हणान सांगितलंस."

"हात बांधला होता, आई."

"कोणी?"

"मी."

आईने पदराने हात पुसले. माझ्याकडे बघितलंही नाही.

"तीन दिवस ते तुका सांगी होते," ती म्हणाली.