दुसऱ्या शिक्षकाचा ठराव

"माझं एक राहिलंय," म्हणत मास्तर उठायचे, टोपी काढून हातात चुरगाळायचे आणि आमच्या शिक्षक संघात चहाची वाट बघणाऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडायच्या. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्या शेजारी बसलं की आपल्यालाच ढेकूण चावतोय असं वाटतं.

मास्तर खासबागेतल्या मराठी शाळेचे. संघ भांडायचा पगारासाठी, बदल्यांसाठी. यांचं म्हणणं भलतंच. मुलाला मठ्ठ ठरवून शाळेतून नाव काढण्याआधी दुसऱ्या शाळेच्या शिक्षकानं त्याच्याजवळ बसून बघावं, असा ठराव संघानं करावा.

"माझ्या वर्गात दुसरा मास्तर? माझी अक्कल तपासायला?" अध्यक्ष भडकले.

"तुमची न्हाय, आप्पा. माझी तपासा. माझ्या वर्गात एक पोरगी हाय. लई हुशार होती, आता तोंडच उघडत न्हाय. हेडमास्तर दिवाळीला नाव काढणार, बाप मागाच्या कांड्या भरायला बसवणार. मला काय कळंना झालंय."

चहा निवत होता म्हणून असेल, ठराव मंजूर झाला. संघात आम्ही बायका दोघीच; पोरीचं काम म्हणून मला पाठवलं.

पोरगी विणकराची. उन्हाळ्यात लग्न झालेलं, पण तेव्हा निम्म्या वर्गाची व्हायची, त्यात मास्तरांना नवल ते काय. वाचनात 'राम' आला की तिचं गाडं अडायचं. गणितातही रामाजवळचे पेरू. मास्तर येरझाऱ्या घालत होते. त्यांना बाहेर घालवून मी हळूच विचारलं, "मालकांचं नाव काय गं तुझ्या?" ती लाजून पाटीकडे बघत राहिली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे तिला कुणी घरीच शिकवलं असणार.

"बरं, पुस्तकातल्या पोराला नुसतं 'ते' म्हण."

पोरगी "ते झाडावर चढले, ते धपकन पडले" असं मोठ्या आदरानं घडाघडा वाचत सुटली. मला हसू आवरेना.

तिचं नाव पटावर राहिलं. मास्तर मात्र आणखीच बेचैन. "याआधी काही पोरींची नावं मीच काढायला लावली. त्यांच्या नवऱ्यांची नावं काय असतील वो, बाई?"

मग रविवारी ते वडगाव, पार उचगावपर्यंत त्या पोरी शोधत हिंडू लागले. एकदा मीही गेले. मूल मांडीवर घेऊन एकजण कांड्या भरत होती. मास्तरांनी पुस्तक पुढं केलं.

"आता कशाला, मास्तर? तवा येत हुतं की मला."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही गडी मानूस. तुमास्नी कसं सांगायचं?"

परतताना वाटभर ते टोपी हातात चुरगाळत चालले.

पुढं तापाच्या साथीत ते गेले. त्यांच्या जागी आलेल्या तरुण मास्तरांनी थोड्याच दिवसांत मला बोलावलं; वर्गातला एक पोरगा काही केल्या बोलत नव्हता.

"संघाचा नियमच हाय म्हणं, बाई. दुसऱ्याला दाखवल्याबिगर नाव काढायचं न्हाय."

नियम कुणाचा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. डोळे पुसले आणि त्या पोराजवळ जाऊन बसले.