बेंबीच्या डावीकडे

मार्चमध्ये सौंसरच्या दवाखान्यात आईच्या पोटानं मला खोटं पाडलं…

शुगर जास्त म्हणून आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दोनदा पुढे गेलं होतं. लोधीखेड्याच्या आमच्या विहारात पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने धम्माचा ग्रंथ आईच वाचते, आणि आता तिला अक्षरं दिसेनात. वाचन सुरू होतं त्या आषाढी पौर्णिमेच्या आत डोळा झालाच पाहिजे, हे तिनं ठरवून टाकलेलं.

इन्सुलिन रोज मीच टोचते. डोस बरोबर, वेळ बरोबर, तरी शुगर हटून बसलेली. मग काय… माझा संशय थेट संत्र्यांवर. शेजारच्या बागेतून आलेली टोपली मी कपाटात ठेवून कुलूप लावलं. हसू नका, खरंच लावलं.

"मी नाही खाल्लं वं माय, किती खेपा सांगू तुले?" आई कळवळून म्हणायची. मी कसली ऐकते… मास्तरीण ना, थापा ओळखायची सवय!

त्या दिवशी नर्सताईंनी आईचं पोट बोटांनी चाचपलं आणि बेंबीच्या डावीकडे थांबल्या. "रोज इथंच टोचून राहिल्या का?"

हो, तिथंच. कारण आईच म्हणायची, "इथंच दे, इथं टोचलेलं समजत नाही." ताईंनी माझा हात तिथं ठेवला. कातडीखाली लिंबाएवढा गोळा, रबरासारखा.

त्यांनी समजावलं. कातडीच्या सगळ्यात खाली चरबीचा मऊ थर असतो, इन्सुलिन तिथून रक्तात जातं. एकाच जागी टोचत राहिलं की तो थर घट्ट होतो. मग सुई दुखत नाही, पण औषधही नीट जिरत नाही.

आणि मी शाळेत विज्ञान शिकवते! त्वचेची आकृती दरवर्षी फळ्यावर काढते, खालच्या थराला नाव देते, पुसून टाकते… भर दवाखान्यात रडू आलं. "चुकलं माझं," एवढंच आईला म्हणू शकले.

नव्या जागी औषध जास्त लागू पडेल म्हणून डॉक्टरांनी डोस कमी करून दिला. मी कॅलेंडरवर रोजची जागा लिहायला लागले. उजवी मांडी, डावी मांडी, बेंबीची उजवी बाजू…

नव्या जागी दुखायचं. माझा हात थबकला की आईच दटावायची, "टोच! दुखू दे. पौर्णिमेले मलेच वाचायचं हाय."

मे संपता संपता शुगर आटोक्यात आली. जूनमध्ये एक डोळा झाला.

काल पौर्णिमा होती. आई विहारात ग्रंथासमोर बसली. पहिलं पान अडखळत वाचलं, दुसरं सरळ. मी मागच्या सतरंजीवर बसून डोळे पुसत होते.

आज सकाळी पाळी डाव्या मांडीची. आई एरवी तोंड फिरवते, आज सुईकडे टक लावून बसली. म्हणाली, "आता मले दिसून राहिलं. जागा चुकली तं सांगीन."

नर्सताई, तुमच्या त्या बोटांना माझा जय भीम.