बर्फाखालचं पाणी ऐकायला

पहाटे चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि रेफिये रबरी जोड्यांवर लोकरीचे मोजे चढवत होती. जोड्याच्या आतून नव्हे, वरून. ओल्या बर्फावर रबर घसरतं, लोकर धरून राहते. चार्नोवितच्या उन्हाळी वस्तीत असे मोजे घालणारी आता ती एकटीच उरली आहे. बाकीच्यांकडे दुकानातले बूट आहेत आणि दर वर्षी त्यांच्यापैकी कुणी तरी मनगट मोडून घेतं.

घरांखालच्या गोठ्यांत मिळून त्रेचाळीस गाई होत्या. वस्तीभोवतालचं गवत संपलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळा कळप तीन तळ्यांच्या कडेने वरच्या कुरणात जायचा होता, आणि तिसऱ्या तळ्यातून निघणारा ओढा जुलै उजाडला तरी बर्फाखालूनच वाहत होता. अशा ओढ्यावर बर्फाचे साकव तयार होतात. वरून सगळे सारखेच पांढरे दिसतात. काही गाईला पेलतात, काही माणसालाही पेलत नाहीत. पेलणारा कोणता, हे आदल्या दिवशी जाऊन पाहायचं आणि दोन्ही काठांवर खूण ठेवायची: तीन दगड एकावर एक, वर एक चपटा. काळ्या समुद्राकडून धुकं चढलं की पाच पावलांवरची गाय दिसत नाही. मग कळपामागच्या बायका खुणेवर भरवसा ठेवून चालतात. खूण ठेवण्याचं काम रेफियेचं. तिचं वय एकसष्ट, या कामाचं अठ्ठाविसावं वर्ष.

ती निघाली तेव्हा वस्तीच्या टोकाला रिफ्की ओसरीवर सिगारेट ओढत उभा होता. रिफ्की तिचा धाकटा दीर. डोंगर चढायला येणाऱ्या शहरी लोकांसाठी तो सहा खोल्यांचं पाहुणेघर चालवतो.

"वहिनी, सोबतीला माणूस देऊ का एखादा?"

"बोलणारा?"

"माणूस म्हटल्यावर बोलणारच की."

"मग ठेव तुझ्याकडे."

"अगं, हल्ली फोनवर दिसतं सगळं. बर्फ किती, ओढा कुठे. उपग्रह दाखवतो."

"त्या उपग्रहाला सांग, खाली ये आणि बर्फाला कान लाव."

एकटीने जायचं हा तिचा हट्ट नव्हे, रीत आहे. तिच्या सासूने ती घालून दिली होती. दोघं गेली की बोलतात, बोललं की बर्फाखालचं पाणी ऐकू येत नाही. पहिल्याच वर्षी रेफियेने ही रीत मोडली आणि मामेबहिणीला सोबत नेलं. दोघी बहिणीच्या लग्नाबद्दल बोलत राहिल्या, खूण चुकीच्या जागी लागली आणि दुसऱ्या दिवशी गोंजा नावाची पहिलारू गाय साकव फुटून आत गेली. दुपारभर ती बर्फाखालून हंबरत होती. संध्याकाळी आवाज थांबला. तिचं धूड बाहेर आलं ते सप्टेंबरात. तोवर दोन महिने सगळी वस्ती त्याच ओढ्याचं पाणी पीत होती. हे आठवलं की रेफियेच्या तोंडाला अजून पाणी सुटतं, मळमळीचं, आणि ती थुंकते.

सहा वाजता ती खालच्या तळ्यावर पोहोचली आणि थुंकली.

बर्फ मागे हटला की त्याच्या कडेला मागच्या वर्षीचं सगळं उघडं पडतं. तिथे ओल्या टिश्यूंचा थर होता. हे कागद कुजत नाहीत; वर्षभर बर्फाखाली राहून ते पांढरेचे पांढरे निघाले होते आणि त्यांच्यावरची घाणही जशीच्या तशी होती. बाटल्या होत्या, मांसाच्या डब्याचं झाकण होतं, एक चप्पल होती. खताची निळी पोती मात्र चार्नोवितचीच होती. बाराएक वर्षांपूर्वीपर्यंत रेफियेही धुण्याच्या पावडरीच्या पिशव्या ओढ्यात सोडून द्यायची. ते ती नाकारत नाही. "तेव्हा आम्ही गाढव होतो," एवढंच म्हणते. एका काडीने तिने जमेल तेवढे टिश्यू खतपोत्यात ढकलले, परतताना न्यायला पोतं दगडाखाली दाबलं आणि बोटांना काही लागलं नसतानाही हात बर्फाने तीनदा घासले.

मधल्या तळ्याचं पाणी अर्धं गोठलेलं होतं. काठावर नारिंगी तंबू होता आणि तंबूसमोर एक दाढीवाला तरुण तव्याला साबण लावत होता. फेस तळ्यात पसरला होता. त्याची मैत्रीण उकिडवी बसून दगडावर दगड रचत होती.

"या मावशी, चहा घ्या," तरुण म्हणाला. त्याचं नाव अल्पेर. अंकाराहून आला होता.

"कुठल्या पाण्याचा?"

"या तळ्याचाच. एकदम स्वच्छ आहे."

"होतं. तुझा तवा यायच्या आधी."

तरुण हसला. त्याला तो विनोद वाटला. "हा साबण निसर्गाला चालतो, मावशी. डब्यावर लिहिलंय."

"माझ्या गाईला वाचता येत नाही. तिने प्यायचं काय?" रेफियेने तंबूमागे काठी रोखली. "आणि ते कागद? तेही चालतात निसर्गाला?"

"ते आमचे नाहीत. आम्ही आलो तेव्हा होतेच."

"सगळे असंच म्हणतात. म्हणजे बर्फच बसत असेल रात्रीचा."

मैत्रीण लाजून हसली. तिचं नाव ईपेक. तिने विषय बदलला. "मावशी, तुम्ही एकट्याच? अस्वलाची भीती नाही वाटत?"

"अस्वल झाडीत जाऊन बसतं, पोरी. पाण्याच्या काठाला नाही."

मग रेफियेचं लक्ष ईपेकच्या हातांकडे गेलं. तीन दगड एकावर एक, आणि ती चौथा, चपटा, वर ठेवत होती. तिच्या मागे तळ्याच्या काठाने तशाच उतरंडी उभ्या होत्या. रेफियेने मोजायला सुरुवात केली आणि चाळिसावर सोडून दिलं.

"हे काय?"

"इच्छा धरायची आणि रचायचं. तीन दगड आणि वर एक चपटा. पडलं नाही तर इच्छा पुरी होते. इथली जुनी पद्धत आहे ना?"

"कुणी सांगितलं?"

"रिफ्कीभाऊंनी. पाहुणेघरात फोटोही लावलेत."

काठीच्या एका फटक्यात रेफियेने समोरची उतरंड पाडली.

"मावशी! अहो, ती माझी होती!"

"काय मागितलं होतंस?"

"ते सांगायचं नसतं."

"बरं झालं. आता मिळणारही नाही."

तिने त्या काठाच्या आणखी काही उतरंडी पाडल्या आणि वर निघाली. मागून अल्पेर हळूच म्हणाला, "पहाडी लोक असेच तिरसट असतात," आणि ते तिने ऐकलं.

तिसऱ्या तळ्यापर्यंत दीड तासाची चढण आहे. एरवी या चढणीवर ती तोंड उघडत नाही. त्या दिवशी मात्र तिच्या तोंडाला खळ नव्हता. आधी तिने अल्पेरला शिव्या दिल्या, मग त्याच्या तव्याला, मग टिश्यू बनवणाऱ्याला, मग रिफ्कीला, रिफ्कीच्या सहा खोल्यांना आणि त्या खोल्यांचं सांडपाणी जिथे सोडलं आहे त्या खड्ड्याला. रिफ्की इथलाच. खुणेमागून चालत तो लहानाचा मोठा झाला. त्याला ठाऊक नाही असं नव्हतं, आणि म्हणूनच तिला जास्त किळस येत होती. शहरातल्या पोरांनी घाण केली तर ती घाण असते. घरच्याने केली तर तिला काय म्हणावं, तेवढ्यासाठी शब्द शोधत ती चढत होती.

साडेदहाला धुकं आलं. रोजच्यापेक्षा तीन तास आधी. तळं गेलं, कडा गेला, शेवटी काठीचं टोकही फिकं झालं. ओढ्याचा काठ आला तेव्हा समोर खूण दिसली: तीन दगड, वर चपटा. मागच्या वर्षीची, तिला वाटलं. कधी कधी हिमलोटातून एखादी खूण वाचते. रिफ्कीसाठीची शिवी अजून तिच्या तोंडातच होती. बर्फावर काठी न आपटता तिने दोन पावलं टाकली.

तिसरं पाऊल खाली गेलं, मांडीपर्यंत.

ती तशीच पालथी पडली, हात पसरून, काठी आडवी. हे सासूने शिकवलं होतं: उभं राहायचं नाही, ओढायचं नाही, आधी पसरायचं. शिवी थांबली आणि आता ऐकू आलं. हातभर खाली, बर्फाच्या पोकळीत, ओढा गरगरत होता. आवाज मोठा होता. काठावर गप्प उभं राहिलेल्या कुणालाही तो ऐकू आला असता. ती एकटी आली होती आणि तरी बोलत होती.

पाय बाहेर काढायला बराच वेळ लागला. जोडा आणि त्यावरचा मोजा खालीच राहिला. पालथ्या अंगाने सरपटत ती काठावर आली, उताणी झाली आणि पहिल्यांदा स्वतःच्या नावाने थुंकली. त्या खुणेजवळ चॉकलेटचा चकचकीत कागद पडला होता. मागच्या वर्षीची ती खूण नव्हतीच.

उघड्या पायाला तिने डोक्याचा रुमाल गुंडाळला. मग ओढ्याच्या काठाने चालत एकेक उतरंड पाडायला लागली. एकतीस पाडल्या. धुक्यात न दिसलेल्या किती राहिल्या, हे तिला सांगता येत नव्हतं, आणि सांगता येत नाही त्यावर गाय घालायची नसते. मग ती गप्प झाली. दर पाच पावलांवर काठी आपटायची, गुडघे टेकायचे, बर्फाला कान लावायचा. पोकळ जागी काठी ढब्ब वाजते आणि खाली पाणी बडबडतं. शंभरेक पावलं वर, ओढा जिथे रुंद कातळावर पसरतो, तिथे काठी खणकन वाजली. खाली दगड होता. तिने त्या जागेवरून जाऊन-येऊन सहा वेळा पाहिलं. कळप तिथून जाऊ शकत होता.

तिथे तिने चार दगड गोळा केले, त्यांच्याकडे पाहिलं आणि टाकून दिले. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा ती खूण न ठेवता परतली. उतरताना मधल्या तळ्यावर तंबू नव्हता. टिश्यू होते. फेस काठाच्या बर्फाला चिकटून पिवळा पडला होता आणि ईपेकने आपली उतरंड पुन्हा रचून ठेवली होती. रेफियेने ती पुन्हा पाडली.

साडेतीनला ती वस्तीत पोहोचली. रिफ्की ओसरीवर चार पाहुण्यांना मक्याच्या पिठात शिजवलेलं लोणी-चीज वाढत होता. तिने खालच्या तळ्यावरून उचललेलं खताचं पोतं त्यांच्या टेबलाच्या पायाशी ठेवलं. वास आल्यावर एका पाहुणीने चमचा खाली ठेवला.

"वहिनी, हे काय? लोक जेवतायत!"

"तुझ्याच पाहुण्यांचं आहे. विसरले होते."

रिफ्कीने तिला कोपऱ्यात नेलं. तिच्या पायाकडे पाहिलं. "जोडा कुठे गेला?"

"तुझ्या इच्छेखाली. तीन दगड, वर चपटा."

तो ओशाळला, पण गप्प बसला नाही. "अगं, दगडच तर आहेत. फोटो काढतात, खूश होतात. मी काय त्यांना ओढ्यावर रचा म्हणालो?"

"कुठे रचू नका, ते म्हणालास?"

"नाही सुचलं."

"उद्याच्या कळपात तुझी नाझली आहे ना? पाहुण्यांना दूध देणारी?"

"आहे."

"गोंजा हंबरत होती तेव्हा तू काठावर होतास. चौदा वर्षांचा. कानात बोटं घातली होतीस."

रिफ्कीने पाहुण्यांकडे पाहिलं, मग पोत्याकडे. "मग आता? वर जाऊन सगळे पाडून येऊ?"

"धुकं आहे. निम्मे राहतील. दगडावर आता माझा विश्वास नाही. दगडाच्या जागी तू उभा राहायचंस."

"मी?"

"कातळाच्या साकवावर, मधोमध. हातात पत्र्याचा डबा घे आणि वाजवत राहा. गाई आवाजाकडे येतील. तू जिथे बुडला नाहीस तिथे त्याही बुडणार नाहीत."

"आणि बुडालो तर?"

"तर डबा वाजायचा थांबेल. आम्हाला कळेल."

टेबलावरचा एक पाहुणा हसला. रिफ्की हसला नाही. "सकाळी पाहुण्यांचा नाश्ता असतो," तो म्हणाला.

"त्यांना सांग, एक इच्छा धरा. नाश्ता येईल."

त्या संध्याकाळी तिने रिफ्कीच्या पाहुणेघरातून एक जोडा मागून नेला. दुकानातल्या बुटांचा, दोन अंक मोठा. त्यावर तिने लोकरीचे मोजे चढवून पाहिले. बसले.

उद्या कळप पाच वाजता निघेल, सगळ्यात पुढे नाझली. रिफ्की साडेचारला निघेल आणि आठच्या आत तिसऱ्या तळ्याच्या कातळावर असेल. त्रेचाळिसावी गाय पार होईपर्यंत डबा वाजत राहील.