भिंत बोलायला लागली तेव्हा

कोणाचाही फोटो उघडण्याआधी चाचा मोबाइलची काच सदऱ्याच्या बाहीनं पुसायचे आणि म्हणायचे, "थांबा, पाहू तं द्या आधी."

संग्रामपूर तालुक्यातल्या निम्म्या भिंतींवरच्या निवडणूक घोषणा त्यांच्या हातच्या. पक्ष कोणताही असो, अक्षर एकच. तुम्हीही वाचल्या असतील. भिंती रंगवणं थांबलं, तेव्हा आमच्या पक्षानं त्यांना गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बॅनर टाकायचं काम दिलं. मी तालुका कार्यालयात याद्या सांभाळायचे.

पहिल्याच बॅनरखाली सोनाळ्याच्या एकानं लिहिलं, "चाचा, रंग जरा भडक झाला बे!" चाचा रागावले नाहीत, हरखले. "ताई, इतकी वर्षं भिंतीवर लिवलं, भिंत कधी बोलली नाही. हे बोलते!"

त्या वर्षी बीटी कपाशीवर बोंडअळी आली. बॅनरखाली फोडलेल्या बोंडांचे फोटो येऊ लागले, आत गुलाबी अळी. चाचा प्रत्येकाला लिहायचे, "पाह्यलं. नाव, गाव, शेताचा नंबर पाठवा." ते सांगत, मी लिहून पंचनाम्यासाठी तहसीलला देत असे.

मग आमच्या साहेबांची सभा ठरली; बॅनरवर फोटो त्यांचाच. पक्षाच्या जिल्हा कार्यालयातून फोन आला, "साहेबांच्या फोटोखाली अळ्या दिसतात. ग्रुपवर लोकांचे मेसेज बंद करा."

चाचांनी ऐकलं नाही. "हाक आपणच मारली न, ताई? आता लोक ओ देऊन राह्यले, तं त्यायचं तोंड काऊन दाबाचं?"

संध्याकाळी हुकूम आला, त्यांनाच काढा. अठ्ठेचाळीस ग्रुप. यादीवर खुणा करत मी त्यांना एकेका ग्रुपमधून काढलं. एकही सुटला नाही, याची आजही लाज वाटते.

सकाळी त्यांचा फोन. आता बोलणी बसणार, असं वाटलं.

"ताई, पेन घ्या. कालचे सात जण राह्यले. पंचनाम्याची नावं आजच द्याची हायेत न?"

"चाचा, काल मी..."

"ते राहू द्या. लिवा. पयली वरवटची म्हातारी. तिनं फोटो उलटा काढला, पण अळी हाय."

सातही नावं घेऊन मी तहसीलला गेले. तिथल्या बाबूंनी विचारलं, "यादी कोणाकडून?" एरवी मी पक्षाचं नाव सांगायचे. त्या दिवशी चाचांचं सांगितलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

चाचा पुन्हा कार्यालयात आले नाहीत. पोचपावती त्यांच्या नावाची आहे. माझ्या फायलीत पक्षाचं नाव नसलेली ती एकच.