श्रावणातली पंगत

थेरेसा टीचर वसईच्या होळी गावची. सासरी भाजीपाल्याची वाडी, पण ती रोज तुळिंजच्या एका मराठी शाळेत चौथीला शिकवायला यायची. मधल्या सुट्टीत सगळ्या वर्गानं एका रांगेत, जमिनीवर बसून जेवायचं, हा तिचा नियम. समतेचा धडा पुस्तकापेक्षा डब्यासमोर लवकर कळतो, असं ती म्हणायची. तिच्या बोलण्यात शंकेला जागा नसायची.

सत्त्याण्णवच्या श्रावणात कौस्तुभची आई लतिका शाळेत आली.

"टीचर, तो मिठागरावरच्या हंसाशेजारी बसतो. तिच्या डब्यात रोज सुके बोंबील. आमच्यात श्रावण पाळतात हो."

थेरेसाला यात अवघड काही वाटलं नाही. श्रावणात हिंदू शेजाऱ्यांकडे मासळीची वाटी पाठवायची नाही, हे सासूनं तिला लग्नानंतर पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. तोच शेजारधर्म तिनं वर्गात लावला.

"हंसा, महिनाभर तू व्हरांड्यात बसून जेव हं, बाळा," ती मायेनं म्हणाली.

हंसा डबा घेऊन उठली. दोन्ही बाजूंची मुलं सरकली आणि तिची जागा बुजून गेली, दगड पडल्यावर पाणी बुजतं तशी.

दोन दिवस ती व्हरांड्यात जेवली. मग शाळेत येईनाशी झाली.

शनिवारी शाळा सुटल्यावर थेरेसा मिठागराकडे गेली. आगरं पावसात बुडालेली. करडं पाणी, करडं आभाळ, मधे बांधाची एक रेघ. हंसाची आई दारात गोणपाट शिवत होती.

"पोरीला नाय पाठवनार," ती मान वर न करता म्हणाली. "भायेर बसून जेवायला शाळा कशाला पायजे? मावशीकडं धाडते, तिची पोरं सांभाळंल."

"एका महिन्याचाच प्रश्न होता. डब्यात भाजी दिली असती तरी..."

"टीचर, पावसात आगर बंद, दर्या बंद. उन्हाळ्यात सुकवलेलं तेच खायाचं. भाजी तुमच्या होळीत पिकते, आमच्या मिठात नाय."

"सोमवारी पाठवा," थेरेसा म्हणाली. "तिची जागा होती तिथंच असेल."

सोमवारी हंसा आली. थेरेसानं फळ्यावर लिहिलं: आपल्या घरी काय खात नाहीत, आणि कधी? हात वर झाले. रमेशकडे चातुर्मासात वांगं नाही. कुणाची आजी कांद्याला शिवत नाही. ग्लेनकडे ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात शुक्रवारी मटण नाही. "आमच्या कुत्र्याला कारलं चालत नाही," रमेशनं भर घातली. फळा भरला.

"हे सगळं बंद केलं, तर डब्यात काय उरेल?"

"मीठ," कौस्तुभ म्हणाला.

"ते पन आमच्याकडचं," हंसा म्हणाली. वर्ग हसला.

थेरेसा हसली नाही. "हंसाला मी बाहेर बसवलं, ते चुकलं. शेजारच्या घरी काय पाठवू नये, हे मला ठाऊक होतं. पण हा वर्ग कुणा एकाचं घर नाही."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक जयवंत सरांनी तिला बोलावलं. लतिका आधीच तिथं बसली होती.

"टीचर, नोटीस लावू या," सर म्हणाले. "शाळेत मासळी बंद. वाद मिटला."

"लावा. पण मग वांग्यापासून सगळंच लिहा सर. तुमचा बुधवारचा अंड्याचा डबाही."

सर खिडकीबाहेर बघू लागले.

"म्हणजे माझ्या मुलानं वास सोसायचा?" लतिकानं विचारलं.

"नको असेल तर तो लांब बसेल. ज्याला त्रास होतो त्यानं उठावं. हंसा उठणार नाही."

नोटीस लागली नाही. कौस्तुभ रांगेच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. चार-सहा दिवसांनी, त्या टोकाला गप्पा नाहीत म्हणून, आपणहून परत आला. मात्र स्वतःच्या आणि हंसाच्या मधे त्यानं एका माणसाची जागा सोडली.

थेरेसानं ती जागा पाहिली. सरकून बस, असं ती त्याला म्हणाली नाही. आपला डबा घेऊन ती समोर बसली. हंसा बोंबलाचा काटा काढत ग्लेनला काहीतरी सांगत होती, आणि कौस्तुभ जेवता जेवता ते ऐकत होता.